विळ्याची मूठ

परवा गावच्या शाळेत गेले होते. नातसून तिथं शिकवते, तिनं हट्टानं नेलं. व्हरांड्याला नवा रंग, खाली नवी फरशी, आणि दर्शनी भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलेलं: नेहमी खरे बोलावे. त्याच्याखाली जरा बारीक अक्षरांत, कैलासवासी दौलत पाटील यांच्या स्मरणार्थ. वाचलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नातसून घाबरली. म्हणाली, "आजी, चक्कर येते का?" म्हटलं, "चक्कर नाही ग बाई, संताप येतो. या वाक्याखाली लिहायला जगात दुसरं नाव मिळालं नाही तुम्हाला?" तिला काही कळलं नाही. कळणार कसं? द्वारकाबाईंचं नाव त्या शाळेत कोणी घेत नाही. म्हणून मी लिहितेय. माझं वय झालं, आता कोणाची भीड धरू?

धामणगाव बढ्याहून बैलगाडीनं अर्ध्या दिवसावरचं आमचं गाव. गावाचं नाव सांगणार नाही. ही बाईंचीच शिकवण, ती पुढं येईलच. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. मोठा साहेब नागपूरला, त्याहून लहान बुलढाण्याला, आणि आमच्यापर्यंत पोचायचा तो शाळा तपासणारा डिपोटी, तोही वर्षातून एकदा. मुलींची शाळा म्हणजे चावडीमागची एक खोली. कौलं फुटकी, एक खिडकी, आणि भिंतीवर चुन्यानं लिहिलेलं हेच वाक्य. त्या खोलीवर मेहकराकडच्या द्वारकाबाई मास्तरीण म्हणून आल्या.

ठेंगण्या, सावळ्या, पांढरं लुगडं, कपाळ मोकळं. लहानपणीच विधवा झालेल्या. कुठल्याशा ट्रेनिंगात शिकून नोकरीला लागल्या होत्या. दाढेखाली सदा एक लवंग असायची. राहायला आमच्याच अंगणातली बाजूची खोली. त्यामुळं शाळेतल्या बाई आणि घरातल्या बाई, दोन्ही मी पाहिल्या, आणि दोन्ही एकच होत्या. असं माणूस मी पुढं फारसं पाहिलं नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी भिंतीवरचं वाक्य वाचलं आणि म्हणाल्या, "हे अर्धंच लिहिलं हाय." दुसऱ्या दिवशी घरून विळा आणला आणि त्या वाक्याखालच्या खुंटीला टांगला. आम्ही सगळ्या कुणब्यांच्या पोरी, विळा आम्हाला नवा नव्हता. पण शाळेत विळा?

प्रार्थना झाली की तो विळा खाली यायचा. एका पोरीनं दुसरीच्या हाती द्यायचा, दुसरीनं तिसरीच्या. पातं आपल्याकडे, मूठ समोरच्याकडे. कोणी पातं पुढं केलं की विळा पुन्हा पहिलीपासून. रोज. आमच्या आया तक्रार घेऊन आल्या, लेकरायचे हात कापतीन म्हणून. बाई म्हणाल्या, "कापू नये म्हणूनच शिकवून राह्यली ना."

हा सगळा खटाटोप कशाला, ते हळूहळू कळलं. एका पोरीनं भर वर्गात दुसरीला म्हटलं, "तुह्या लुगड्याले गोठ्याचा वास येते." ती रडायला लागली. पहिली म्हणाली, "खरं तं बोलली मी!" बाईंनी खुंटीवरचा विळा तिच्या हाती दिला. "हे बी खरंच हाय. लोखंड हाय, धार हाय. दे तिले." पोरीनं मूठ पुढं केली. "आता कशी मुठीकून दिली? मंग बोलतांना काऊन पातं मारलं? तिनं इचारलं होतं का तुले?" पोरीनं मान हलवली. "नाई इचारलं तं गप राहा. गप राहणं म्हणजे खोटं नोहे. इचारलं तं खरंच सांग, पण आधी त्या माणसाले बसव, पाणी दे, मंग सांग."

बसवायचं, पाणी द्यायचं, मग सांगायचं. आम्हाला ते खेळासारखं वाटायचं. घरी कोणाचं मडकं फुटलं तरी आम्ही आईला आधी बसवायचो. आयांचा जीव अर्धा व्हायचा. पोरीनं पाण्याचा लोटा आणला की आई घाबरायची, काय फुटलं असेल म्हणून.

आणि त्यांचं ते "सांगणार नाही". बायका यायच्या, खोदून खोदून विचारायच्या, पगार काय, सासर कुठं, नवरा कशानं गेला. बाई वर आढ्याकडे बघायच्या, लवंग एका दाढेतून दुसऱ्या दाढेत न्यायच्या आणि हसून म्हणायच्या, "हे मी सांगणार नाई बाप्पा." खोटं काही ठोकून दिलं नाही, की वाकडं बोलल्या नाहीत. बायकांना राग यायचा आणि हसूही यायचं.

एकदा कोतवाल आमच्या दारी आला, बाबांना चावडीवर बोलवायला. बाबा माजघरात आडवे पडलेले. मला म्हणाले, "सांग, शेतात गेले." बाई अंगणात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. मी दारात गेले आणि म्हटलं, "बसा काका. पाणी घ्या. बाबा घरात हायेत, पण आता भेटत नाईत. संध्याकाळी येतीन." कोतवाल पाणी प्याला आणि हसत गेला. त्याचं काही अडलं नाही. पण बाबा चिडले. आईला म्हणाले, "हे बाई पोट्ट्यायले बिघडवून राह्यली." खोटं बोलायला नकार दिला तर पोर बिघडली! तेव्हाच मला बाबांचा पहिल्यांदा राग आला, आणि तो पुढं वाढतच गेला.

बाईंची खरी शिष्या म्हणजे कौशी. दौलत पाटलाची पुतणी, त्याच्या धाकट्या भावाची, किसनची, एकुलती एक पोर. सात-आठ वर्षांची, नाक सदा वाहतं, डोळे मात्र असे की बघणाऱ्यानं नजर चुकवावी. डिपोटी आला तेव्हाची गोष्ट. जाडा, काळा, तोंडावर देवीचे वण, पण अंगात झकास कोट. गंमत करायला म्हणून त्यानं कौशीला विचारलं, "सांग पाहू, मी कसा दिसतो?" शाळा कमिटीचे सगळे मेंबर उभे. कमिटीचा मुख्य दौलत पाटील. त्यानं डोळे वटारले. कौशी म्हणाली, "बसा जी." डिपोटी बसला. तिनं पाणी दिलं. मग म्हणाली, "तुमचा कोट लई चांगला हाय." "आणि तोंड?" कौशीनं आढ्याकडे पाहिलं. "ते मी सांगणार नाई जी."

डिपोटी इतका हसला की त्याच्या हातातलं पाणी कोटावर सांडलं. शेरा चांगला लिहून गेला. बाई त्या दिवशी पदरात तोंड घालून हसत होत्या. दौलत पाटलालाही फुशारकी मारायला बरं झालं, माझी पुतणी म्हणून. तोवर बाई चांगल्या होत्या.

पुढच्या फाल्गुनात दौलत पाटलाच्या मोठ्या लेकीचं लग्न ठरलं. नवरदेव लोणारकडच्या बीबीचा, घर मोठं. लग्नाचा बस्ता, म्हणजे सगळी कापडखरेदी, आणायला किसन खामगावला गेला, सोबत गाडीवान. जाताना कौशीला म्हणाला, "तुले हिरवा परकर आणतो." त्याच्यानंतर पोर रोज शाळा सुटली की गावाबाहेरच्या वडाखाली जाऊन बसायची, रस्त्याकडे तोंड करून.

खामगावात तेव्हा पटकीची साथ होती. किसनला बाजारातच उलट्या लागल्या. दवाखान्यात नेला तर रात्र काढली नाही. गाडीवानानं तिथल्या चार लोकांना धरून त्याला अग्नी दिला, आणि बस्ता घेऊन, रडत, एकटा परत आला. दौलत पाटील त्याला शिवेवरच भेटला. शेतातच सगळं ऐकलं. आणि काय म्हणाला असेल हा कैलासवासी? म्हणाला, "तू मले काही सांगितलं नाई, मी काही आयकलं नाई. घरी सांग, किसन दागिन्यासाठी मांगं राह्यला."

कारण सुतक! सुतक धरायचं ते बातमी कानावर पडल्यापासून. कानावर पडलीच नाही तर सुतक नाही, मांडव मोडत नाही, नवरदेवाकडचे परत जात नाहीत. अशी बातमी दाबून ठेवायची आमच्याकडे चालच होती. कोणी ती पापही समजत नसे. गावातल्या चार मोठ्या माणसांना पाटलानं विश्वासात घेतलं. त्यात माझे बाबा होते. सख्ख्या भावाची राख अजून निवली नव्हती आणि हे चौघं ओसरीवर बसून मांडवाचे खांब कुठं रोवायचे ते ठरवत होते! आणि किसनची बायको यमुना? ती घरात हळद दळत होती. गाणी म्हणत. कपाळभर कुंकू लावून. जावेच्या लेकीच्या लग्नात मिरवायला तिनं नव्या बांगड्या भरल्या होत्या. 

हिरवा परकर कौशीला मिळाला. बस्त्यात तो होता ना. पाटलानंच दिला, वर म्हणाला, "बापानं धाडला." पोर तो घालून शाळेत आली. पण ती बाईंची शिष्या. पाटील सांगतो ते तिला पटेना. ती घरात ज्याला त्याला विचारत सुटली, बाप कधी येईल. जो तो म्हणे, उद्या. शेवटी चौघांच्या डोक्यात आलं, की ही पोर एकाच माणसाचं ऐकेल.

बाबा संध्याकाळी बाईंच्या खोलीशी आले. मी चुलीसाठी काड्या मोडत अंगणात होते, मला हाकलायचंही त्यांना सुचलं नाही. बाबांनी सगळं सांगितलं आणि म्हणाले, "बाई, पोट्टी तुमचंच आयकते. तुमी फकत एवढं म्हणा, का बाप येऊन राह्यला. लगन झालं का मंग आमी रीतसर सांगू."

बाई दारातच खाली बसल्या.  मग म्हणाल्या, "तिचा माह्यावर भरोसा काऊन हाय, ठाऊक हाय का तुमाले?"

"ठाऊक हाय म्हणूनच तं आलो."

हे वाक्य! माझ्या बापाचं! बाई खोटं बोलत नाहीत, म्हणून त्यांच्या तोंडून खोटं वदवायचं. असली अक्कल मोठ्या माणसांनाच सुचते. बाईंचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता, तो त्या दिवशी ऐकला. "पाटलाले जाऊन सांगा. उद्या दिवस मावळायच्या आत यमुनेले खरं सांगा. मी संग येते, मी धरते तिले. लगन महिनाभर पुढं गेलं तं आभाळ नाई कोसळत."

"आन नाई सांगितलं तं?"

"तं मी गावभर दवंडी नाई पिटत. मले कोणी इचारलं नाई तवर मी गप. पण पोरीनं इचारलं, तं खरं सांगीन."

"तं 'सांगणार नाई' म्हणा ना! तुमचंच तं हाय ते."

"ते मोठ्यायले चालते. बाप जित्ता हाय का म्हून लेकरू इचारीन, आन मी म्हणीन सांगत नाई. मंग मी काय सांगितलं तिले? तुमीच बोला."

बाबा वळले. जाताना एवढंच म्हणाले, "नोकरी कमिटीच्या हाती हाय, बाई." बाई म्हणाल्या, "हाव. ते बी ठाऊक हाय."

दुसरा दिवस गेला. कोणी यमुनेला काही सांगितलं नाही. उलट मांडवावर आंब्याचे डहाळे चढले. बाई तिकडे दोनदा जाऊन आल्या, दोन्ही वेळा पाटलानं त्यांना बाहेरूनच वाटेला लावलं, मांडवात विधवेचं काय काम म्हणून. तिसऱ्या दिवशी शाळेत प्रार्थना झाली, विळा खाली आला. कौशीच्या हाती आला तेव्हा तिनं तो पुढं दिलाच नाही. तशीच उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, माह्या बापाचा जोडा गाडीत आला. माह्या डोयानं पाह्यला मी, कडब्याखाली. मंग बाप काय घालून येईन?"

बाईंनी आम्हाला बाहेर निंबाखाली बसायला सांगितलं. मी खिडकीशी थांबले. बाईंनी तिच्या हातातला विळा घेतला, खुंटीला लावला. तिला मांडीवर बसवलं. लोट्यातलं पाणी पाजलं. मग तिचे दोन्ही हात हातात धरून म्हणाल्या, "कौशे, तुहा बाप येणार नाई. त्याले खामगावात पटकी झाली. दवाखान्यात नेलं, पण तो वाचला नाई. तो मेला, बाळा. लोकायनं त्याले नीट जाळलं. एकटा नोहता तो, गाडीवान होता त्याच्यापाशी."

देवाघरी गेला, असं बाई म्हणाल्या नाहीत. मी पुढं एकदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, "कुठं गेला म्हटलं का लेकरू वाट पाहाते."

कौशी लगेच रडली नाही. परकराची किनार चाचपत बसली. मग विचारलं, "मायले ठाऊक हाय?"

"नाई."

"मंग आपुन सांगू. मुठीकून."

आणि मग ती रडली. बाईही रडल्या. मी खिडकीचा गज धरून उभी होते, मलाही आवरेना.

दोघी हात धरून गावातून गेल्या, आम्ही पोरी मागं. मांडवात बायकांची गाणी चाललेली. दौलत पाटील आडवा आला. "बाई, मांडवात पाय टाकू नका!" बाई थांबल्या. "नाई टाकत. यमुनाबाईले बाहीर बोलवा." तो हलेना. तेवढ्यात कौशी त्याच्या धोतराला खेटून आत शिरली. रांजणातून लोटा भरला, जात्याशी बसलेल्या आईपाशी गेली. यमुना उठायला लागली तर म्हणाली, "माय, तू बसूनच राहा. पाणी घे."

यमुनेनं पोरीच्या तोंडाकडे पाहिलं, मग दारातल्या बाईंकडे. गाणी थांबली. तिला कळलं. तिची जी किंकाळी फुटली ती गावाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेली. मग बाईंनी पाटलाला हातानं बाजूला सारलं आणि भर मांडवात, हळदीच्या पाटीशेजारी बसून तिला कवेत धरलं. पाटील ओरडत होता, "सत्यानाश केला, सत्यानाश!" कोणाचा सत्यानाश, तर लग्नाचा. भावाचा नव्हे.

आणि मोडलं काय? काही नाही! बीबीवाल्यांनी निरोप धाडला, सुतक फिटू द्या, आम्ही थांबतो. वैशाखात त्याच मांडवात, त्याच नवरदेवाशी, किसननं आणलेल्या त्याच बस्त्यातली लुगडी नेसून लग्न लागलं. जेवणावळी उठल्या. मग बाईंनी कोणाचं काय बिघडवलं होतं, हे मला कोणीतरी सांगावं. मी आयुष्यभर विचारते आहे. ज्याला त्याला अपशकुनी बाईच आठवते. ओसरीवर बसून मयत लपवणारे चार बाप्ये कोणालाच आठवत नाहीत.

कमिटीनं वर अर्ज केला. त्यात काय लिहिलं? की ही मास्तरीण खोट्या वावड्या उठवते आणि मुलींना उद्धट करते. खोट्या! किसनचं दहावं झालं त्याच ओसरीवर हा अर्ज लिहिला गेला, आणि खाली बाबांनी सही केली. हुकूम आला, बाईंची नोकरी गेली. खोली सोडा म्हणायलाही बाबा स्वतः गेले नाहीत, आईला पाठवलं. बाई आईला म्हणाल्या, "बसा वहिनी, पाणी घ्या. तुमाले काऊन पाठवलं, ते मी इचारत नाई." आई त्यांच्या पायाशी बसून रडली. बाबांशी मात्र बाई शेवटपर्यंत रोजच्यासारख्या बोलल्या. त्याचा मला बाईंवरही राग होता. मी असते तर बोलले नसते.

मलकापूरला आगगाडी धरायची म्हणून सकाळीच बैलांची हलकी दमणी जुंपली. सामान ते काय, एक ट्रंक आणि वळकटी. पोरींना घरून सक्त ताकीद होती, कोणी जायचं नाही. निरोपाला एक कुत्रं आलं नाही. मी आमच्या ओट्यावर होते, घरचंच अंगण, मला कोण अडवणार. बाई दमणीपाशी उभ्या होत्या तेवढ्यात कौशी पळत आली. पाटलाच्या घरातून कशी सुटली कोण जाणे. हातात शाळेतल्या खुंटीवरचा विळा.

"बाई, तुमचा इळा राह्यला." मूठ बाईंकडे केलेली.

बाईंनी हात पुढं केला नाही.  मग विचारलं, "कौशे, तुले माहा राग येते का?"

कौशीनं वर बघितलं. इथं आढं नव्हतं, आभाळ होतं. मग म्हणाली, "बाई, तुमी आधी बसा." आणि माझ्याकडे वळून, "पाणी आण व."

बाई दमणीच्या कडेवर बसल्या. मी घरात धावले. बाबा दाराआड उभे होते. मी लोटा भरून आणला, बाई दोन घोट प्याल्या.

"हाव बाई," कौशी म्हणाली. "येते राग. बाप आठवला का तुमचाच येते. पण दुसऱ्या कोणाले मी इचारलंच नसतं."

बाईंनी मान डोलावली. मग विळा घेतला आणि मांडीवर ठेवला. गाडीवानानं बैल हाकले. दमणी वडाशी वळेपर्यंत कौशी रस्त्यात उभी होती, हिरव्या परकरात. मी रिकामा लोटा घेऊन घरात आले. बाबा अजून दाराआडच उभे होते.